आखरावरचं स्टेशन

इंगोले मास्तरांशी माझी ओळख भांडणानं झाली, आणि तीही आमचं सामान अजून फलाटावर असताना. आमचे हे त्या स्टेशनावर असिस्टंट स्टेशन मास्तर म्हणून रुजू होणार होते. मूल कडेवर आणि ट्रंक बुडाखाली अशा थाटात मी बसले होते. तेवढ्यात धोतर-बंडीतला एक उंच, काळासावळा माणूस तरातरा आला आणि म्हणाला, "उठा बाई. ट्रंक मांगं घ्या."

"गाडी तर गेली की," मी म्हटलं.

"दुसरी येईन."

"येईल तेव्हा उठेन. शिट्टी ऐकू येते मला."

"तुमाले येते. तिले तुमी नाई येत ऐकू. आगगाडीले कान नसतात. काय सांगतलं मी? म्हनून दाखवा."

एका लेकराची आई मी, नाशिककडची, आणि हा कोण कुठला गडी मला बिगारीतल्या पोरीसारखं म्हणायला लावतोय! मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे डोळ्यांनीच म्हणाले, म्हण बाई. मी दातओठ खात म्हटलं, "आगगाडीला कान नसतात." गडी खूश झाला. "हां! आता चला, स्टेशन दाखवतो," म्हणाला. हेच इथले स्टेशन मास्तर, हे मला तेव्हा कळलं.

स्टेशनाचं नाव सोनवळ. अकोल्याहून हिंगोलीकडे जाणाऱ्या मीटरगेजच्या एकेरी लाइनीवर, जऊळक्याच्या पुढं. त्या भागाला आता वाशीम जिल्हा म्हणतात. तेव्हा वाशीम अकोल्यात होतं आणि आमचा सगळाच मुलूख मध्य प्रदेशात मोडत होता. स्टेशन म्हणजे एक खोली, एक पडवी आणि मुरमाचा बुटका फलाट. ते दाखवायला चहा निवण्याइतकासुद्धा वेळ लागायला नको होता, पण मास्तरांनी माझी अर्धी दुपार घेतली. मूल त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतलं होतं, म्हणून मला तक्रारही करता येईना.

खोलीत लोखंडी यंत्र होतं, त्यात लोखंडाचा गोळा. पुढच्या स्टेशनानं होकार दिल्याशिवाय गोळा सुटत नाही, आणि गोळा हातात पडल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही. फलाटाच्या टोकाला खटक्यांची रांग. खटका ओढला की गवतातून, छोट्या चाकांवरून गेलेली तार ताणते आणि दूरवरच्या सिग्नलाचा हात खाली पडतो. हात आडवा असला तर गाडीनं थांबायचं, पडला तर यायचं. "पडला म्हंजे ये," मास्तर म्हणाले. "मानसाचं उलटं असते. मानूस पडला का लोक दूर जातात." मग कापसाच्या गाठी भरायची बाजूची लाइन, मग फाटक. फाटकाच्या इकडे गाव, तिकडे गावचा मारुती. आणि फाटकापलीकडे हिंगोलीच्या बाजूला एक म्हातारा कडुलिंब, त्याच्यासमोर सिग्नलाचा खांब. तिथं लाइन टेकडी कापून केलेल्या एका खोल कटिंगमधून वळून येते. ड्रायव्हरला दुरून सिग्नलाचा हात तेवढा दिसतो, पुढचे रूळ दिसत नाहीत.

"हे सारं आखर होतं," मास्तर म्हणाले. आखर म्हणजे गावची गुरं सकाळी जिथं जमतात ती मोकळी जागा. सोनवळचा पोळाही तिथंच भरायचा. एका बाजूला हा लिंब, समोर एक बाभूळ, दोन्हीला मिळून आंब्याच्या पानांचं तोरण, आणि त्याखालून बैल मारुतीला जायचे. लाइन आली तेव्हा सरकारनं आखर घेतलं आणि बाभूळ तोडून तिच्या जागी सिग्नलाचा खांब रोवला. "जमिनीचा मोबदला देल्ला. पोयाचा कोनी इचारच नाई केला. सायबानं इचारलं नाई, गावानं सांगतलं नाई." मग पहिल्याच पोळ्याला गावकरी नेहमीसारखे आले, बाभूळ दिसली नाही, तर त्यांनी तोरणाचं दुसरं टोक सिग्नलाच्या खांबाला बांधलं. तेव्हापासून तोच मानाचा खांब. खांबाला हळदकुंकू असायचं. कायद्यानं हा गुन्हा होता आणि मास्तर तो दर वर्षी स्वतःच्या हातानं करायचे. दुपारी ते स्वतः शिडी लावून तोरणाची गाठ खांबाच्या अंगाला, तारेपासून दूर बांधायचे, आणि बैल मारुतीला पोचेपर्यंत संध्याकाळची मालगाडी सिग्नलाबाहेर थांबवून ठेवायचे.

मास्तर कुणब्याचे पोर, रिसोडकडचे. घरी बैल होते, ते बापाच्या आजारपणात विकले गेले, म्हणून मास्तर शिकले आणि रेल्वेत लागले. ही गोष्ट ते हसत सांगायचे, पण पोळ्याच्या दिवशी पाटलाची जोडी त्यांच्या क्वार्टरसमोर थांबली की तिला पुरणपोळी चारताना त्यांचा चेहरा पाहवत नसे. बैलाच्या वशिंडावर हात ठेवून नुसते उभे राहायचे.

त्यांच्याजवळ एक काळा कोट होता. तो खोलीत खुंटीवर असायचा आणि गाडी यायच्या वेळीच अंगात चढायचा. कोट खुंटीवर असला की मास्तर वऱ्हाडी, अंगात असला की सरकारी. एकदा एका म्हातारबुवानं विचारलं, "मास्तर, अकोल्याची गाडी कवा हाय?" मास्तर बंडीत होते. "बसा बाबा, भाकर खा, अजून लय येळ हाय." थोड्या वेळानं कोट चढला आणि म्हाताऱ्यानं परत तेच विचारलं, तर उत्तर आलं, "गाडी समय पर है. टिकट लेकर लाइन में खडे रहिये." म्हातारा घाबरून मला विचारतो, "बाई, हे तेच मास्तर हायेत का त्याईचे भाऊ?"

आणि ते 'म्हणून दाखव'! एकेरी लाइनीवर एका स्टेशनानं दुसऱ्याला निरोप दिला की दुसऱ्यानं तो शब्दन् शब्द परत म्हणायचा, मगच तो पक्का. हा नियम गाड्यांसाठी होता. मास्तरांनी तो मीठमिरचीपर्यंत आणला. बायको लवकर गेलेली, घरात एकुलती एक कुसुम. बाप म्हणायचा, "डायीत मीठ कमी टाक." की लगेच, "काय सांगतलं?" कुसुम पोळपाटावरून मान न काढता म्हणायची, "डायीत मीठ कमी." आम्हाला हे दिवसातून पन्नासदा भिंतीपलीकडून ऐकू यायचं. मी तर माझ्या मुलाला रागावले की तोही परत म्हणून दाखवायला लागला.

रागाचं म्हणाल तर मास्तरांचा राग मी एकदा पाहिला आणि मला पुरला. रुळांचे सांधे बदलणाऱ्या पॉइंट्समन सखारामाची बायको सगुणा, गरीब बाई, तिनं एकदा बकरी चरायला सोडली आणि दावं बांधलं ते सिग्नलाच्या तारेला. तार गवतातून जाते, हाताशी येते, तिला काय ठाऊक. बकरी पाल्यासाठी ओढ घ्यायची आणि तिकडे सिग्नलाचा हात मान टाकायचा, पुन्हा वर यायचा. मास्तर कोटासकट धावले. मला वाटलं, आता सगुणेचं काही खरं नाही. त्यांनी तिला ओरडून एक शब्द सांगितला नाही. तिला खांबाखाली नेऊन उभी केली, स्वतः तार हातानं ओढली आणि म्हणाले, "वर पाय. पडला का?"

"पडला."

"डायवरले काय दिसन? तुही बकरी दिसन का हात दिसन?"

"हात."

"मंग तो काय करीन?"

सगुणा रडायलाच लागली. मास्तरांनी स्वतःच बकरीचं दावं सोडलं. ते धावले होते रागानं नव्हे, भीतीनं. ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. हा माणूस सगळ्या जगाला परत परत म्हणायला लावतो, कारण याच्या डोळ्यांसमोर सतत काहीतरी येऊन आदळत असतं. तेव्हापासून मी त्यांच्याशी भांडणं कमी केली. अगदी सोडली नाहीत.

त्या उन्हाळ्यात कुसुमची सुपारी फुटली. मुलगा सोनवळच्या दौलतराव पाटलांचा, वसंता. वाशीमला हायस्कुलात शिकलेला, केसांना तेल लावून भांग पाडणारा. रोज वर्तमानपत्र घ्यायच्या निमित्तानं स्टेशनावर यायचा, आणि वर्तमानपत्र घेऊन झालं तरी तासभर त्याला काही ना काही वाचायचं असायचं. कुसुम त्या वेळी नेमकी आमच्या ओट्यावर तांदूळ निवडायला यायची. तांदळात कधी खडा निघाला नाही. "काकू, चांगला हाय ना तो?" तिनं एकदा खाली मान घालून विचारलं. मी म्हटलं, "मला काय विचारतेस, तांदळाला विचार." पोरगी लाजून लाल झाली.

पाटील तालेवार, शब्दाचे पक्के म्हणून पंचक्रोशीत नाव. त्यांनी हुंडा मागितला नाही. दिवाळीनंतरची तिथी धरली. मास्तरांनी त्यांनाही सोडलं नाही. "काय तिथी ठरली? म्हनून दाखवा." पाटलांच्या भुवया वर गेल्या, पण त्यांनी म्हणून दाखवलं. मास्तरांना बढतीवर भुसावळकडे जायची संधी आली होती, ती त्यांनी नाकारली. लेक पाहायच्या अंतरावर राहील, एवढंच त्यांना हवं होतं. त्यांच्या आयुष्यातलं एकुलतं एक मोठं काम पार पडत आलं होतं. ते इतके आनंदात होते की कोट खुंटीवर ठेवायचंसुद्धा विसरायचे.

श्रावणाच्या अमावास्येला पोळा आला. आमचं क्वार्टर फाटकाला लागूनच, त्यामुळे मी ओट्यावरून सगळं पाहत होते. चिखल होताच, पण आभाळ उघडलं होतं. आखरावर बैलच बैल, शिंगांना बेगड, पाठीवर झुली, डफडी, ताशे, आणि मधूनच कोणीतरी झडती, म्हणजे पोळ्याचं गाणं, म्हटली की सगळं गाव "हर बोला, हर हर महादेव!" गर्दी एवढी की आखर पुरेना, माणसं आणि बैल सिग्नलाच्या आतल्या बाजूला थेट रुळांवर पसरले होते. दर वर्षीच पसरायचे. मालगाडी सिग्नलाबाहेर थांबणार आहे, हे गावाला पाठ होतं.

मास्तर शिडी घेऊन निघाले होते. तेवढ्यात खोलीतल्या यंत्राची घंटी वाजली. पलीकडचं स्टेशन मालगाडी सोडत होतं. आमच्या ह्यांची पाळी नव्हती, हे वाशीमला दवाखान्यात गेलेले, तासाभरानं यायचे होते. मास्तरांनी शिडी वसंताच्या हातात दिली. "खांबाच्या अंगाले बांध. तारीले हात नाई लावायचा. म्हनून दाखव."

"खांबाच्या अंगाले. तारीले हात नाई," वसंता म्हणाला. होणाऱ्या सासऱ्यासमोर तर तो अगदी स्पष्ट म्हणाला.

आणि बांधलंही त्यानं तसंच. पण त्या वर्षी पाटलांनी नवी खिल्लारी जोडी आणली होती आणि तिच्या शिंगांवर उंच मखर चढवलं होतं. मखर तोरणाला लागायला लागलं. "वर घ्या! वर घ्या तोरन!" ओरडा झाला. वसंता परत शिडीवर चढला. वर खांब गुळगुळीत, दोर घसरायला लागला. अडकवायला हाताशी एकच वस्तू होती, ती म्हणजे खांबाला लागून वर हाताकडे गेलेली तार. त्यानं दोर तिच्यावरून घेऊन गाठ मारली. लिंबाकडच्या गड्यांनी दुसरं टोक ओढून तोरण ताठ केलं.

मी ओट्यावर होते, आणि मला काहीच कळलं नाही. मी बैल पाहत होते. वर कोण पाहतं?

मास्तर कोट घालून खोलीबाहेर आले, सवयीनं सिग्नलाकडे पाहिलं आणि जागच्या जागी थिजले. खटका जसाच्या तसा आणि हात पडलेला. कटिंगच्या मागे धुराचा पट्टा दिसत होता. ये म्हणून खूण मिळालेली मालगाडी थांबायला कशाला येईल? ती वेगात येत होती आणि रुळांवर सगळं सोनवळ उभं होतं.

"तोरन सोडा! सिग्नल पडला! अरे सोडा!" ते ओरडत पळत सुटले. डफड्यांत कोणाला ऐकू जाणार? एकानं पाहिलं आणि हसून म्हणाला, "मास्तरबी आले नाचाले." फाटकाशी सगुणा गवताचा भारा घेऊन उभी होती. मास्तरांनी तिच्या हातातला इळा हिसकला. तोवर मलाही तो हात दिसला होता. मी ओरडले का, ते मला आठवत नाही. माझं मूल माझ्याकडे पाहून रडायला लागलं एवढं आठवतं.

पाटलांची जोडी नेमकी तोरणाखाली आणली होती. मानाप्रमाणे पाटलांनी हात वर करून तोरण तोडायचं, मग पोळा फुटायचा. पाटलांचा हात वर गेला आणि त्याच्या आधी इळा बसला. तोरण दोन तुकडे होऊन चिखलात पडलं. वर खाडकन आवाज झाला, सिग्नलाचा हात आडवा झाला. मग कटिंगमधून शिट्टी, चाकांची किंचाळी, आणि काळं इंजिन वळणावर दिसलं, घसटत घसटत आलं आणि खांबाच्या बाहेरच फुसफुसत थांबलं.

बैल बुजले. मान ना पान, ज्याला वाट दिसली तो उधळला. सगळ्यात पहिला मारुतीकडे गेला तो कोणाचा तरी मरतुकडा, बिनझुलीचा बैल. गाव मास्तरांवर धावून गेलं. कोणीतरी कोट ओढला, बाही खांद्यापासून उसवली. पाटलांनी सगळ्यांना हातानं थोपवलं आणि शांतपणे म्हणाले, "मास्तर, माह्या मानाले इळा लावला तुमी."

मास्तरांना धाप लागली होती. त्यांनी फक्त वर बोट केलं. सगळ्यांनी वर पाहिलं. सिग्नलाचा हात रोज असतो तसा आडवा होता.

"गाडी त उबीच हाय," एकजण म्हणाला. "दर साली उबी राह्यते तशी."

जे झालंच नाही ते लोकांना कसं दाखवायचं? चार बैल कापले गेले असते, दोन माणसं गेली असती, तर मास्तर देव ठरले असते. सगळे जगले, म्हणून मास्तर गुन्हेगार ठरले. मला त्या दिवशी गावाचा इतका संताप आला की मी रात्रीचं दूध घेऊन आलेल्या गवळ्याला दारातूनच परत पाठवलं. दुसऱ्या दिवसापासून तो आपणहून यायचा बंद झाला, मास्तरांकडेही आणि आमच्याकडेही.

सकाळी मास्तर पाटलांच्या ओसरीवर गेले. सोबत कुसुम नव्हती, पण सखाराम होता, त्यानं आम्हाला सांगितलं. ओसरीवर अर्धं गाव बसलेलं. मास्तरांनी सगळं सांगितलं: दोर तारेवर होता, सिग्नल पडला होता, दुसरा उपाय नव्हता. वसंताचं नाव त्यांनी घेतलं नाही. मग ते म्हणाले, "पाटील, तुमी तर तोरनाखालीच होते. तुमी पाह्यलं असन."

पाटील पान लावत होते. पान लावून झाल्यावर म्हणाले, "मी काई सिग्नल पडलेला पाह्यला नाई."

शब्दाच्या पक्क्या माणसाचा शब्द. तिथं विषय संपला. सुपारी परत आली. वसंताला मानोऱ्याला मामाकडे धाडून दिलं. पुढच्या पंधरवड्यात गावात एकाचा बैल फऱ्या रोगानं मेला, तोही मास्तरांच्याच खात्यावर गेला.

कुसुम आमच्या ओट्यावर येऊन बसायची. हातात काही काम नसायचं. एकदा म्हणाली, "काकू, त्यानंच बांधलं ना तोरन? त्याले मालूम हाय. तो बोलत काहून नाई?" मी तिला जवळ घेतलं.

मालगाडीच्या ड्रायव्हरनं वर कळवलं होतं की दिलेला सिग्नल ऐनवेळी गाडीच्या तोंडावर आडवा केला. चौकशीला साहेब ट्रॉलीवरून आले. आदल्या संध्याकाळी ह्यांनी मास्तरांना हात जोडून सांगितलं, "खरं सांगा. सखाराम आहे, सगुणा आहे, माझी बायको आहे. साक्ष देतील."

"खरं सांगतलं तं पयले इचारतीन, दोर कोनं बांधला. सिग्नलाले हात लावला म्हून पोलीस येतीन. पोराच्या हातात बेड्या पडतीन."

"त्यानं तुमची पोरगी टाकली, मास्तर!" हे चिडून म्हणाले. हे सहसा चिडत नाहीत.

"त्यानं टाकली. मी कायले टाकू त्याले?" मास्तर म्हणाले. "अन् खांबाले दोर बांधू कोन देत होतं इतकी वर्षं? मीच ना?"

साहेबांपुढं त्यांनी सांगितलं की सिग्नल आपणच चुकून दिला आणि बैल दिसल्यावर काढून घेतला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका धरणाऱ्या माणसानं न केलेली चूक अशी डोळ्याला डोळा भिडवून कबूल केली. ऐन पन्नाशीत दर्जा खाली आला, पगार कमी झाला आणि बदली झाली ती पार खांडव्यापलीकडच्या एका स्टेशनावर. कुसुमचं आता काय, हा प्रश्न आम्ही कोणी तोंडानं काढला नाही. जिची सुपारी मोडली आणि जिच्या बापाला शिक्षा झाली अशा पोरीला त्या काळी कोण विचारत होतं?

निघायचा दिवस जऊळक्याच्या बाजाराचा होता, त्यामुळे स्टेशनावर चिटपाखरू नव्हतं. मला वाटतं, पाटलांनी यायला तो दिवस मुद्दामच निवडला. अकोल्याकडची गाडी येऊन उभी राहिली. सामान चढलं, कुसुम आत बसली, मास्तर दारात उभे होते. नवा मास्तर आला नव्हता म्हणून झेंडी ह्यांच्या हातात होती. मी खिडकीशी कुसुमचा हात धरून उभी होते. तेवढ्यात पाटील फाटकाकडून आले. एकटेच. हातात नारळ आणि खणाची घडी.

ते दाराशी आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मास्तर, पाह्यलं होतं मी."

"काय पाह्यलं होतं?"

"हात पडलेला. तोरन तुटलं अन् वर गेला, तेबी पाह्यलं. तुमी नसते तं माही जोडी अन् मी..." त्यांनी नारळ या हातातून त्या हातात घेतला. "ओसरीवर सारं गाव बसलं होतं. पोराचं नाव निघालं असतं. आता साह्यबाची चौकशी झाली, भेव गेलं. हा नारय घ्या. दिवाळीनंतरची तिथी कायम. पोरगी माही."

कुसुमची बोटं माझ्या हातात घट्ट झाली. मी मनात म्हणत होते, घ्या मास्तर, घ्या, आता अडून बसू नका.

मास्तरांनी नारळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "आज सांजेले चावडीवर चला. हेच चार लोकांत बोला. नारय मी तिथं घेतो. म्हना हो, मी आत्ताच उतरतो."

"चार लोकांत कायले? तुमाले मालूम हाय, मले मालूम हाय."

"माही पोरगी त्या गावात नांदाची हाय, पाटील. तिच्या बापाले खोटा म्हनतात तिथं."

पाटलांनी मान खाली घातली. गार्डाची शिट्टी झाली. ह्यांनी झेंडी उघडली, परत गुंडाळली, खिशात काहीतरी शोधल्यासारखं केलं. सरकारी कामात ह्यांनी केलेला तो एकमेव वेळकाढूपणा. गार्डानं पुन्हा शिट्टी मारली. मग इलाज नव्हता, हिरवी झेंडी वर गेली.

मला त्या क्षणी दोघांचाही राग आला. एकाला चार शब्द बोलवत नव्हते आणि दुसऱ्याला चार शब्दांवाचून चालत नव्हतं, आणि मधे ती पोर. कुसुमनं माझा हात सोडला तो आपणहून. तिनं बापाकडे पाहिलं, पाटलांकडे पाहिलं नाही. "काकू, येते," एवढंच म्हणाली.

गाडी हलली. पाटील नारळ घेऊन तिथंच उभे. मास्तर आत गेले नाहीत. एक हात दाराच्या दांडीवर, एक पाय खालच्या पायरीवर, आणि नजर पाटलांच्या तोंडावर. फलाट संपला, कापसाच्या गाठींची लाइन मागे गेली, गाडीनं वेग धरला, तरी ते तसेच पायरीवर उभे होते. पाटलांनी तेव्हासुद्धा नुसती मान वर करून हो म्हटलं असतं, तर त्यांनी चालत्या गाडीतून उडी टाकली असती.